कीबोर्ड बदलण्याआधी : शॉर्टकट पुन्हापुन्हा बिनसतात तेव्हा

महिन्यातून दोन-तीन फोन ठरलेले. "अगं, एल दाबलं की स्क्रीनला कुलूपच लागतंय." "बाण दाबला तर सेल हलत नाही, अख्खं शीट सरकतंय." किंवा नुसतंच, "कंट्रोल चिकटलंय बहुतेक, नवा कीबोर्ड मागवू का?" हे फोन येतात तेही नेमके कामाच्या गर्दीत. जीएसटीची विवरणपत्रं भरायची मुदत, म्हणजे जीएसटीआर-१ ची ११ तारीख, ३-बी ची २० तारीख, नाहीतर मार्चअखेर. घाई असली की बोटं नको तिथे पडतात, आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

मी इंदूरला रामबागेत राहते आणि घरूनच काम करते. सकाळी तीन-चार दुकानांच्या टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅममधल्या नोंदी, दुपारनंतर मराठी टायपिंग : लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, एखाद्या मंडळाची स्मरणिका. दोन्ही कामं कीबोर्डवरची. माउसकडे हात गेला की लय तुटते, म्हणून दिवसभर आल्ट+टॅब (एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जायला) आणि विंडोज+ई (फायली उघडायला) यांच्यावरच माझा संसार चालतो. शॉर्टकट बिनसले की काम जागच्या जागी थांबतं. कितीतरी दिवस माझ्याकडे एकच औषध होतं : कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करणं. त्यानं तेवढ्यापुरतं भागायचं आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

डोळे उघडले ते शेजारच्या काकांमुळे. काका सोसायटीचे हिशेब बघतात. पटापट टाइप केलं की अर्धी अक्षरं गळतात, अशी त्यांची तक्रार होती. सहा महिन्यांत त्यांनी दोन कीबोर्ड बदलले आणि तिसरा आणायला स्कूटरही काढली होती. मी म्हटलं, "काका, पाच मिनिटं थांबा, माळ्यावरचा जुना कीबोर्ड खाली काढा." तो लावला, तर त्यावरही तीच अक्षरं गळत होती. दोन वेगळे कीबोर्ड एकाच तऱ्हेनं आजारी पडत नाहीत. दोष कॉम्प्युटरच्या आत होता, आणि तो आत कसा शिरला हे काकांच्या शेजारी बसल्यावर कळलं. पावती वाचताना ते उजव्या हाताची करंगळी उजव्या शिफ्टवर टेकवून ठेवायचे. विंडोजमध्ये उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून धरली की फिल्टर कीज, म्हणजे पटकन दाबून सोडलेली बटणं मोजायचीच नाहीत अशी सोय, चालू करू का असं विचारलं जातं. काकांची नजर पावतीवर, बोट एंटरवर. झालं, चालू.

तेव्हापासून मी आधी लक्षण नीट ऐकून घेते आणि मग त्यामागे कुठलं बटण किंवा सोय आहे ते शोधते. खाली लिहिते आहे ते सगळं विंडोज १० आणि ११ वर मी स्वतः वापरते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण मी जाते त्या बऱ्याच घरांत अजून तेच आहे, म्हणून दोन्हींचं सांगते.

आधी हे एक करून बघा

विंडोज+कंट्रोल+ओ दाबा. स्क्रीनवर कीबोर्डचं चित्र येतं. आता हात मांडीवर ठेवा, कशालाही शिवू नका आणि त्या चित्रातल्या शिफ्ट, कंट्रोल, आल्ट आणि विंडोज या चार बटणांकडे बघा. यातलं एखादं आपोआप उजळलेलं असेल तर कॉम्प्युटरला वाटतंय की तुम्ही ते दाबून धरलंय. चारही शांत असतील तर अडकलेलं बटण हे कारण नाही, पुढे चला. विंडोज बटणच दाद देत नसेल तर माउसनं सर्च उघडून त्यात ओएसके लिहा, तेच चित्र येईल.

जमलं तर दुसरा एखादा यूएसबी कीबोर्ड मागून आणा. पहिला काढून तो लावा. खोड तशीच राहिली तर खिशात हात घालायची गरज नाही.

एल दाबलं की कुलूप, डी दाबलं की सगळं गायब

हे विंडोज बटण अडकल्याचं लक्षण, अगदी शंभर नंबरी. विंडोज+एल म्हणजे स्क्रीन लॉक, विंडोज+डी म्हणजे सगळ्या खिडक्या खाली, विंडोज+ई म्हणजे फाइल एक्सप्लोरर. तुम्ही 'लेजर' लिहायला एल दाबता आणि कॉम्प्युटर त्याला विंडोज+एल समजतो. कंट्रोल अडकलं असेल तर अक्षर उमटत नाही, उलट एस दाबलं की फाइल सेव्ह होते, आणि माउसचं चाक फिरवलं की पान मोठं-लहान होतं.

बटण वर आलेलं दिसतंय, तरी कॉम्प्युटरला ते खालीच वाटतं, हे कसं? प्रत्येक बटण दोन निरोप पाठवतं : 'दाबलं' आणि 'सोडलं'. हे दोन निरोप एकाच ठिकाणी पोहोचले नाहीत की गोंधळ होतो. ऑफिसचा कॉम्प्युटर घरून उघडून काम करणाऱ्यांना हे सगळ्यात जास्त भोवतं. तुम्ही त्या लांबच्या कॉम्प्युटरच्या खिडकीत असताना आल्ट दाबलं, तेवढ्यात स्वतःच्या कॉम्प्युटरवरची दुसरी खिडकी पुढे आली आणि मग आल्ट सोडलं. 'दाबलं' तिकडे गेलं, 'सोडलं' इकडे राहिलं. तिकडचा कॉम्प्युटर बिचारा अजून वाट बघतोय.

उपाय साधा आहे. त्याच खिडकीत जाऊन डावं-उजवं शिफ्ट, डावं-उजवं कंट्रोल, डावं-उजवं आल्ट आणि विंडोज, प्रत्येक बटण एकेकदा दाबून सोडा. दोन्ही बाजूंची दाबायची, कारण डावं आणि उजवं कॉम्प्युटरच्या लेखी वेगवेगळं असतं. एवढ्यानं नाही सुटलं तर कंट्रोल+आल्ट+डिलीट दाबा, निळी स्क्रीन आली की एस्केप. बहुतेक वेळा एवढ्यानं गाठ सुटते.

या कंट्रोल+आल्ट+डिलीटची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९८१ च्या आयबीएम पीसीवर काम करताना डेव्हिड ब्रॅडली या इंजिनियरनं मशीन पटकन पुन्हा सुरू करण्यासाठी आधी कंट्रोल+आल्ट+एस्केप असा जोड ठेवला होता. तिन्ही बटणं डावीकडे, एका हाताच्या धक्क्यात दाबली जातील अशी. हे लक्षात आल्यावर एस्केपच्या जागी लांबचं डिलीट आलं, म्हणजे दोन हात लागतील आणि चुकून काही होणार नाही. बाकीचे जोड ठरवतानाही एवढी काळजी घेतली असती तर माझे निम्मे फोन वाचले असते.

विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपवर काम करत असाल तर जोडणीच्या आधी शो ऑप्शन्समध्ये लोकल रिसोर्सेसच्या पानावर कीबोर्ड असा चौकोन आहे. विंडोज बटणाचे शॉर्टकट इकडे चालावेत की तिकडे, हे तिथे ठरवता येतं. मी ते 'ऑन धिस कॉम्प्युटर'वर ठेवलंय. त्यामुळे आल्ट+टॅब नेहमी माझ्याच कॉम्प्युटरवर चालतं आणि अडकाअडकी जवळजवळ थांबली.

कधी कधी बटण खरोखरच अडकलेलं असतं. एका वहिनींच्या लॅपटॉपचं डावं शिफ्ट चित्रात सारखं उजळत होतं. लॅपटॉप बंद केला, उलटा धरला, पाठीवर हलक्या टिचक्या मारल्या, तर शेवेचे दोन तुकडे टेबलावर पडले. एक चांगला नखाएवढा. पोह्यांवरची शेव, इंदुरात दुसरं काय असणार. उरलेला बारीक चुरा जुन्या, कोरड्या, मऊ ब्रशनं बटणाच्या फटीतून बाहेर काढला आणि शिफ्ट मोकळं झालं. लॅपटॉपचं बटण नखानं उचकटायला जाऊ नका. खालची प्लास्टिकची कैची फार नाजूक असते आणि एकदा तुटली की ते एकटं बटण मिळणं मुश्कील.

मराठी टायपिंग करणाऱ्यांची शिफ्ट

हा भाग मी सविस्तर लिहितेय, कारण आपल्यासारख्यांना हा त्रास इंग्रजी टाइप करणाऱ्यांपेक्षा जास्त होतो असं माझं मत आहे, आणि त्याचं कारणही आहे. विंडोजमधल्या मराठी कीबोर्डची मांडणी इनस्क्रिप्ट. तिच्यात क साधा, ख ला शिफ्ट. ग साधा, घ ला शिफ्ट. झ, ठ, ढ, ण, थ, ध, फ, भ, श, ष, ळ सगळ्यांना शिफ्ट. शब्दाच्या सुरुवातीच्या अ, आ, इ, ई ला शिफ्ट. 'शुभविवाह' लिहायचा तर श ला एकदा आणि भ ला एकदा. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला एकदा शिफ्ट दाबली की काम भागतं. आपली करंगळी दिवसभर तिथेच मुक्कामाला.

त्यात शिकाऊ माणूस असला की काय होतं बघा. त्याला 'झ' हवाय. शिफ्ट दाबतो, झ कुठे आहे ते आठवत नाही, सोडतो. पुन्हा दाबतो, पुन्हा सोडतो. मध्ये दुसरं कुठलंच बटण न दाबता शिफ्ट ५ वेळा दाबली गेली की विंडोज विचारतं, स्टिकी कीज चालू करू का? बारीकसा चौकोन येतो, 'टिंग' असा आवाज होतो. नजर हस्तलिखितावर असते, एंटर पडतो आणि स्टिकी कीज चालू. आता शिफ्ट एकदा दाबून सोडली तरी ती पुढच्या बटणापर्यंत दाबलेलीच धरली जाते. शिफ्ट दोनदा दाबली तर ती कायमचीच दाबलेली राहते. मग क च्या जागी ख, त च्या जागी थ. माणूस घाबरतो, चुकलेलं खोडतो, पुन्हा शिफ्टशी खेळतो आणि गुंता वाढत जातो.

तात्पुरता उपाय : शिफ्ट पुन्हा ५ वेळा दाबा. किंवा शिफ्ट धरून दुसरं बटण एकदम दाबा. दोन बटणं एकदम दाबली की स्टिकी कीज बंद व्हावं, अशी मूळ व्यवस्था असते.

पण मला सांगायचंय ते कायमच्या उपायाचं, कारण तो केला नाही तर आठवड्याभरात पुन्हा तेच होणार. विंडोज+यू दाबा. अॅक्सेसिबिलिटीचं पान उघडतं. विंडोज १० मध्ये त्याचं नाव ईज ऑफ अॅक्सेस. तिथे कीबोर्डवर जा. विंडोज ११ मध्ये स्टिकी कीजच्या ओळीवर एंटर दाबलं की आत कीबोर्ड शॉर्टकट असं एक वेगळं बटण दिसतं, ते बंद करा. विंडोज १० मध्ये 'अलाउ द शॉर्टकट की टू स्टार्ट स्टिकी कीज' या चौकोनातली खूण काढा. नुसतं स्टिकी कीज बंद करून उठू नका. इथेच बहुतेक जण चुकतात : ते दिवा बंद करतात, पण चुकून धक्का लागणारं स्विच तसंच ठेवतात. फिल्टर कीज आणि टॉगल कीज यांचे शॉर्टकटही त्याच पानावर तसेच बंद होतात. टॉगल कीज म्हणजे नम लॉक ५ सेकंद धरल्यावर चालू होणारी, कॅप्स लॉकला आवाज देणारी सोय. माउस कीजचा जोड डावं आल्ट+डावं शिफ्ट+नम लॉक. ती चालू झाली की उजवीकडच्या आकड्यांवर टाइप करायला जावं तर माउसचा बाण हलतो. आकडे भरणाऱ्याला हा मनस्ताप फार.

काकांच्या कॉम्प्युटरवर हे चारही शॉर्टकट बंद केले. दुसऱ्या कीबोर्डचं काय करायचं हा प्रश्न त्यांना अजून आहे.

आता एक कळकळीची गोष्ट. या सोयी फालतू नाहीत. माझ्या आत्याचा उजवा हात पक्षाघातानंतर नीट चालत नाही. ती डाव्या हातानं, एकेका बोटानं टाइप करते. तिच्या कॉम्प्युटरवर स्टिकी कीज कायम चालू आहे, आणि त्यामुळेच ती कंट्रोल दाबून, सोडून, मग सावकाश सी दाबून कॉपी करू शकते. भाच्यांना रोज पत्र लिहिते. तिच्याकडे मी उलटं सेटिंग केलंय : 'दोन बटणं एकदम दाबली की स्टिकी कीज बंद करा' ही खूण काढून टाकली, नाहीतर तिचा हात थरथरून दोन बटणं एकदम लागली की सोय बंद व्हायची आणि तिला कळायचंच नाही. म्हणून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर हे बंद करण्याआधी विचारा, घरातलं कोणी ते मुद्दाम वापरतंय का.

भाषाच बदलते

दुसऱ्या क्रमांकाचा फोन हाच. विंडोज+आर दाबून (प्रोग्रॅम नावानं उघडायचा चौकोन येतो) इंग्रजीत सीएमडी लिहायला जावं तर चौकोनात उमटतं 'मस्'. कारण इनस्क्रिप्टमध्ये सी च्या बटणावर म, एम वर स आणि डी वर हलंत. पासवर्ड चुकतोय, टॅलीत खात्याचं नाव सापडत नाही, असंही या फोनवर ऐकायला येतं. प्रत्येक वेळी कारण एकच : कॉम्प्युटर मराठीत गेलाय आणि माणसाला पत्ता नाही.

मूळ शॉर्टकट असा : डावं आल्ट+शिफ्ट दाबलं की भाषा बदलते. कंट्रोल+शिफ्ट दाबलं की त्याच भाषेतली मांडणी बदलते. इनस्क्रिप्टबरोबर फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांवरून टाइप करायचा कीबोर्डही घातला असेल (विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून तो मराठीला मिळाला) तर जे च्या बटणावर आत्ता र येत होता, तो अचानक ज होतो. हे जोड चुकून लागतात ते दुसऱ्या शॉर्टकटच्या अर्ध्यातून. आल्ट+टॅबनं पुढे गेलात, एक खिडकी मागे यायला आल्ट+शिफ्ट+टॅब करायला निघालात, टॅब दाबण्याआधीच विचार बदलला आणि बोटं उचललीत. झाली भाषा बदलून. शब्द निवडायला कंट्रोल+शिफ्ट+बाण दाबायचा होता आणि बाणापर्यंत बोट गेलंच नाही, तरी तेच.

तेवढ्यापुरतं विंडोज+स्पेस दाबा, भाषांची यादी येते, विंडोज धरून ठेवून स्पेसनं हवी ती निवडा. कायमचं करायचं तर विंडोज+आय दाबून सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज. विंडोज १० मध्ये हेच टायपिंगचं पान डिव्हायसेसखाली आहे. तिथे इनपुट लँग्वेज हॉट कीज असा दुवा दिसेल. जुन्या धाटणीची छोटी खिडकी उघडते. 'बिटवीन इनपुट लँग्वेजेस' या ओळीवर राहून चेंज की सीक्वेन्स दाबा आणि दोन्ही रकान्यांत नॉट असाइन्ड निवडा. विंडोज+स्पेस चालूच राहतं, त्यामुळे भाषा बदलायची सोय जात नाही, फक्त ती तुम्ही ठरवलं तरच बदलते.

त्याच अॅडव्हान्स्डच्या पानावर आणखी एक चौकोन आहे, प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवू द्या अशा अर्थाचा. त्याला खूण करा. माझ्या कामात याच्याइतका उपयोग दुसऱ्या कुठल्या सेटिंगचा झाला नाही. वर्ड मराठीत राहतो, टॅली इंग्रजीत राहतं, आणि आल्ट+टॅबनं इकडून तिकडे गेलं की भाषा आपोआप त्या-त्या खिडकीची होते. आधी पत्रिकेतून टॅलीत आले की 'कॅश'च्या जागी मराठी अक्षरांचा काला व्हायचा.

एफ-५ दाबलं तर स्क्रीन मंद

टॅलीवाल्यांचा जीव एफच्या ओळीत. एफ-४ कॉन्ट्रा, एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-७ जर्नल, एफ-८ सेल्स, एफ-९ परचेस. नवा लॅपटॉप घेतला की पहिल्याच दिवशी तक्रार : पेमेंटला जावं तर उजेड कमी होतो, रिसीटला जावं तर वाढतो. लॅपटॉपवर या बटणांना दोन कामं असतात आणि कारखान्यातून बहुधा आवाज-उजेडाचं काम पुढे करून देतात. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन+एस्केप दाबलं की अदलाबदल होते. एस्केपच्या बटणावर छोटं कुलूप किंवा एफएन लॉक लिहिलेलं असेल तर नक्कीच. ते नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज येण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनमध्ये, शोधा. एचपीवर अॅक्शन कीज मोड, लेनोवोवर हॉटकी मोड. एकदा बदललं की रीस्टार्टनंतरही टिकतं.

हेच पुन्हा पुन्हा होत असेल तर एफएन+एस्केपला चुकून हात लागतोय का बघा. काही कंपन्यांच्या लॅपटॉपवर एफएन अगदी कोपऱ्यात, कंट्रोलच्याही डावीकडे असतं. कंट्रोलच्या भरवशावर बोट टाकलं की नेमकं ते लागतं.

टॅलीच्या सवयीचा एक दुष्परिणाम एक्सेलमध्ये दिसतो. हात एफ-८ वर जातो आणि एक्सेलमध्ये एफ-८ म्हणजे एक्स्टेंड सिलेक्शन. मग बाण दाबला की सेल बदलत नाही, निवड वाढत जाते. खालच्या पट्टीत तसं लिहून येतं. एस्केप दाबा, संपलं. आणि बाण दाबल्यावर शीटच सरकत असेल तर ते स्क्रोल लॉक. लॅपटॉपवर ते बटण नसलं तरी स्क्रीनवरच्या कीबोर्डच्या चित्रात आहे, तिथे क्लिक करा.

विंडोज बटण मेलंय

गेमिंगचा कीबोर्ड घरात आला असेल तर आधी त्यावर कुलपाचं चित्र असलेलं विंडोजचं चिन्ह शोधा. खेळताना विंडोज बटण लागून खेळ खाली जाऊ नये म्हणून ते बंद करायची सोय असते, बहुतेकदा एफएन+विंडोज. मुलं खेळून उठतात आणि सकाळी आईचं विंडोज+ई चालत नाही. अशा काही स्वस्त कीबोर्डांवर एफएन+डब्ल्यूनं बाणांची बटणं आणि डब्ल्यू-ए-एस-डी आपापसांत बदलतात. म्हणून बाण दाबल्यावर डब्ल्यू उमटत असेल तर घाबरू नका, पुन्हा तेच दाबा.

कीबोर्ड साधाच असेल आणि स्टार्ट मेनूही उघडत नसेल तर विंडोजचा एक्सप्लोरर अडकलेला असतो. कंट्रोल+शिफ्ट+एस्केपनं टास्क मॅनेजर उघडा, यादीत विंडोज एक्सप्लोरर शोधा, त्यावर येऊन शिफ्ट+एफ-१० दाबा. हा उजव्या क्लिकचा शॉर्टकट, तो लक्षात ठेवाच. त्या यादीतून रीस्टार्ट. टास्कबार एकदा जातो आणि परत येतो. उघडलेल्या फायलींना धक्का लागत नाही.

सगळं कुठे गेलं?

"माझ्या सगळ्या उघडलेल्या फायली गेल्या!" हा फोन रडवेल्या आवाजात येतो. बहुतेक वेळा विंडोज+कंट्रोल+डी लागलेलं असतं. त्यानं नवा, रिकामा डेस्कटॉप तयार होतो आणि जुन्या खिडक्या जुन्या डेस्कटॉपवर सुखरूप असतात. विंडोज+कंट्रोल+डावा बाण दाबून परत या, किंवा रिकाम्या डेस्कटॉपवर असतानाच विंडोज+कंट्रोल+एफ-४ दाबून तो मोडून टाका. त्यावर काही उघडलेलं असेल तर ते आधीच्या डेस्कटॉपवर येतं, हरवत नाही.

खिडकी आल्ट+टॅबमध्ये दिसते, पण स्क्रीनवर येत नाही, हा प्रकार दुसरा मॉनिटर किंवा प्रोजेक्टर काढल्यावर होतो. खिडकी त्या नसलेल्या मॉनिटरवर उभी असते. आल्ट+टॅबनं तिच्यावर या, आल्ट+स्पेस दाबा, मग एम, मग कुठलाही एक बाण. आता बोटानं बाण दाबत राहा किंवा माउस हलवा, खिडकी सरकत आत येते. एम नं काही झालं नाही तर खिडकी पूर्ण मोठी केलेली असेल : आल्ट+स्पेस, आर, आणि मग पुन्हा आल्ट+स्पेस, एम.

स्क्रीन आडवी-उलटी झाली असेल तर जुन्या इंटेल ग्राफिक्सच्या कॉम्प्युटरवर कंट्रोल+आल्ट+वरचा बाण.

माउसच बंद पडला तर काम थांबवू नका. विंडोज+टी नं टास्कबारवर जाता येतं, विंडोज+बी नं घड्याळाशेजारच्या चिन्हांवर. खिडकीच्या एका भागातून दुसऱ्यात जायला एफ-६, एका चौकोनातून दुसऱ्यात टॅब, मागे यायला शिफ्ट+टॅब, खूण करायला स्पेस. फाइल सेव्ह करून विंडोज+एक्स, यू, यू दाबलं की कॉम्प्युटर रीतसर बंद होतो. गेल्या मार्चमध्ये माझ्या माउसची बॅटरी रात्री साडेअकराला संपली, घरात एकही सेल नव्हता, आणि तरी दोन दुकानांच्या नोंदी मी याच बटणांवर पूर्ण केल्या.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर

विंडोज+एक्स, मग एम. डिव्हाइस मॅनेजर उघडतो. कीबोर्ड्सच्या खाली तुमचा कीबोर्ड असेल, त्यावर शिफ्ट+एफ-१०, अनइन्स्टॉल डिव्हाइस, आणि मग रीस्टार्ट. विंडोज त्याला नव्यानं ओळखतं. रीस्टार्ट माउसनं करायची तयारी ठेवा, कारण मधल्या वेळात कीबोर्ड चालणार नाही.

तरीही एखादं ठरावीक बटण मेलेलंच असेल तर कॉम्प्युटर चालू होताना बायोसमध्ये शिरून तिथे ते दाबून बघा, बाण, एंटर, एस्केप असं काही असेल तर. तिथे विंडोज अजून आलेलंच नसतं, म्हणजे तिथेही बटण मेलं तर ते खरोखर मेलंय. मग कीबोर्ड घ्या. घेताना दुकानातच त्यांच्या कॉम्प्युटरला लावून दोन्हीकडच्या शिफ्ट आणि दोन्हीकडचे कंट्रोल दाबून बघा, नम लॉक आणि स्क्रोल लॉकची बटणं आहेत का बघा. मराठी टायपिंग करणार असाल तर डाव्या शिफ्टची लांबी जरूर बघा. काही कीबोर्डांवर ती कापून शेजारी आणखी एक बटण बसवलेलं असतं. 'भ' आणि 'ध' लिहिताना करंगळी दिवसभर त्या छोट्या शिफ्टला शोधत राहते.